छतातले दिवे, ओट्यावरचा उजेड

१९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात सामान्य कुटुंबांसाठी हजारो घरं बांधण्याचं काम सुरू होतं. त्या घरांच्या स्वयंपाकघराचा आराखडा मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या तरुण वास्तुविशारद स्त्रीकडे आला. जागा जेमतेम साडेसहा चौरस मीटर: सुमारे १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब. बाईची पावलं किती पडतात, हात कुठवर पोचतो, कोणतं काम बसून करता येईल याचा बारीक विचार करून तिने ओटा, सिंक, धान्याचे खण, इस्त्रीची घडीची फळी असं सगळं त्यात बसवलं. दिवा मात्र तिने खोलीच्या मधोमध टांगून सोडून दिला नाही. तो छताखालच्या पट्टीवर मागेपुढे सरकवता येत असे. काम जिथे, तिथे दिवा. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं त्या शहरात उभी राहिली.

पुणे, ठाणे किंवा नाशिकमधल्या नव्या फ्लॅटचं स्वयंपाकघर या जागेपेक्षा फार मोठं नसतं. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार, जेवायची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर आणि तिथेच जेवायचं असेल तर किमान ७.५ चौरस मीटर असावं लागतं. या एवढ्याशा खोलीत हल्ली फॉल्स सीलिंग होतं आणि त्यात आठ-आठ, दहा-दहा दिवे बसतात. रात्री सगळे लावले तरी ओट्यावर कांदा चिरणाऱ्या हातांवर सावली असते. ही सावली दुसऱ्या कुणाची नसते, चिरणाऱ्याच्याच डोक्याची आणि खांद्यांची असते.

कारण साधं आहे. दिव्यांच्या जागा छताच्या नकाशावर ठरवल्या जातात. खोलीचे दोन समान भाग, मधून दोन रांगा, भिंतींपासून सारखं अंतर, की नकाशा देखणा झाला. पण ओटा भिंतीला असतो, काम करणारी व्यक्ती भिंतीकडे तोंड करून उभी राहते आणि खोलीच्या मध्यातले सगळे दिवे तिच्या पाठीमागे जातात. दिवे दोन असोत की दहा, ते पाठीमागे असतील तर सावली पुढेच पडणार. जुन्या घरांत दारावर लावलेल्या ट्यूबलाइटनेही हेच केलं होतं. बायकांच्या कित्येक पिढ्यांनी आपल्याच सावलीत भाकऱ्या थापल्या आणि ती अडचण कुणाला अडचण वाटली नाही. छत उघडून नव्याने वायरिंग करण्याची संधी घराला वीस-पंचवीस वर्षांतून एकदा येते. तेव्हा तरी सुरुवात ओट्यापासून व्हायला हवी.

ओट्याची खोली साधारण २ फूट असते, त्यावरची भिंतीतली कपाटं १२ ते १४ इंच पुढे येतात. उभ्या माणसाचं डोकं ओट्याच्या कडेच्या किंचित बाहेर असतं, वाकलं की कडेच्या वर येतं. म्हणून ओट्यासाठीचा दिवा भिंतीपासून २० ते २४ इंचांवर, म्हणजे ओट्याच्या पुढच्या कडेच्या जरा आत हवा. तिथून उजेड डोक्याच्या पुढून खाली उतरतो. दिवा याहून मागे, कपाटाच्या दारांना चिकटून गेला, तर कपाटाच्या माथ्यावर झगझगीत कमानी उमटतात आणि खालचा ओटा तसाच राहतो. दोन दिव्यांमध्ये साडेतीन ते चार फूट अंतर ठेवलं की हाताच्या एका बाजूची सावली दुसरा दिवा पुसतो.

पण आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, जी परदेशी मासिकांतल्या सुंदर फोटोंमध्ये दिसत नाही: माळा. ओट्यावर सात फुटांच्या उंचीला दोन फूट खोल माळा असेल, तर ओट्यावर छत उरतच नाही. छतातला दिवा माळ्याच्या बाहेर, म्हणजे पुन्हा पाठीमागे जातो. अशा घरात छतातल्या दिव्यांवर कितीही खर्च केला तरी ओटा उजळत नाही. तिथे माळ्याच्या तळात पातळ दिवे बसवावेत, नाहीतर कपाटांखाली एलईडीची पट्टी लावावी. खरं तर माळा नसला तरी ही पट्टी छतातल्या कोणत्याही दिव्यापेक्षा ओट्याच्या जास्त उपयोगाची आहे. एखाद्या छोट्या दिव्याचं अंतर एक-तृतीयांश केलं की त्याचा उजेड नऊपट होतो. लांब पट्टीला हा नियम तंतोतंत लागू पडत नाही, तरी ओट्यापासून दोन फुटांवरची पट्टी पावणेसहा फुटांवरच्या छताला सहज हरवते. शिवाय ती माणसाच्या आणि भिंतीच्या मध्ये असते, त्यामुळे डोक्याची सावली पडायला वावच राहत नाही.

पट्टी कपाटाच्या पुढच्या कडेला, दाराच्या आडोशाने लावावी आणि तिला दुधी झाकणाची ॲल्युमिनियमची प्रोफाइल हवीच. महाराष्ट्रातल्या ओट्यांवर काळा पॉलिश केलेला ग्रॅनाइट फार. तो उजेड शोषतो आणि आरशासारखं प्रतिबिंबही दाखवतो. उघड्या पट्टीचा एकेक ठिपका त्यात मोजता येतो आणि तास-दीड तास त्याकडे पाहून डोळे शिणतात. फिकट ओटा आणि फिकट टाइल्स असतील तर तेवढ्याच दिव्यांत खोली कितीतरी उजळ वाटते. रंगाचा निर्णय आधी आणि दिव्यांचा नंतर घेतला, तर एखाद-दोन दिवे वाचू शकतात.

किती उजेड पुरे, याचा हिशेब मात्र अंदाजाने करायची गरज नाही. खोक्यावर ठळक छापलेला आकडा वॅटचा असतो, पण वॅट म्हणजे खर्च होणारी वीज. बाहेर पडणारा उजेड ल्युमेनमध्ये मोजतात आणि तो आकडा खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरांत असतो. एकाच वॅटच्या दोन दिव्यांत वीस-तीस टक्क्यांचा फरक सहज सापडतो. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला की एक लक्स. स्वयंपाकघरात वावरायला १५० ते २०० लक्स चालतात. चिरणं, निवडणं, मोजणं यासाठी ओट्यावर ३०० ते ५०० लक्स धरतात.

आता ८ फूट बाय १० फुटांची खोली घेऊ. तिचं क्षेत्रफळ सुमारे ७.४ चौरस मीटर. २०० लक्ससाठी साधारण १,५०० ल्युमेन पृष्ठभागावर पोचायला हवेत. भिंती, कपाटं आणि कोपरे बराच उजेड खातात, काळाबरोबर दिवे मंदावतात, काचेवर तेलाचा थर बसतो. हे सगळं धरून दुप्पट, म्हणजे ३,००० ल्युमेन लागतील. ९ वॅटचा चांगला एलईडी दिवा ८०० ल्युमेनच्या आसपास देतो. म्हणजे चार दिवे. ओट्यावरच्या वाढीव उजेडासाठी कपाटाखालची पट्टी. झालं. त्याच खोलीत १२ वॅटचे दहा दिवे बसवणं म्हणजे निव्वळ दुपारचं ऊन घरात आणणं आहे.

दिवे एवढे वाढले याला त्यांची किंमतही कारण आहे. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना सुरू झाली. घाऊक सरकारी खरेदीत २०१४ च्या सुमारास ३१० रुपयांना पडणारा एलईडी बल्ब २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. पिवळ्या बल्बच्या आणि चोक असलेल्या ट्यूबच्या काळात जे कुटुंब प्रत्येक दिव्याचा विचार करत होतं, त्याला आता एक दिवा जास्त लावताना काही वाटत नाही. उजेड स्वस्त झाला ही मोठीच गोष्ट घडली. पण त्याबरोबर जागा नीट निवडायची सवय मागे पडली.

घरात साठीच्या पुढची माणसं असतील तर हिशेब थोडा बदलतो. वयाबरोबर बाहुली लहान होते, डोळ्यातलं भिंग पिवळसर पडतं आणि विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांश उजेडच आतल्या पडद्यापर्यंत पोचतो. सून ज्या दिव्यात तांदूळ सहज निवडते, त्याच दिव्यात सासूबाईंना खडा दिसत नाही, त्याचं कारण हे. त्यांना जास्त उजेड हवा, पण डोळ्यांवर येणारी तिरीप त्यांनाच अधिक त्रास देते. म्हणून छतात आणखी दिवे घालण्यापेक्षा त्या जिथे बसून निवडतात तिथे जवळून, आडोशातून येणारा उजेड द्यावा.

उजेड किती हे ठरलं की कसा हा प्रश्न येतो आणि इथे खरी मौज आहे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या प्रकाशाच्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा थर देतात आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरा दिसणारा प्रकाश तयार होतो. त्या निळ्या चिपसाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. फॉस्फरच्या मिश्रणावर दिव्याचा रंग ठरतो आणि तो केल्विनमध्ये सांगतात: २७०० ते ३००० पिवळसर वॉर्म, ४००० मधला न्यूट्रल, ६५०० निळसर कूल डेलाइट.

महाराष्ट्रातल्या दुकानांत ६५०० सर्वात जास्त खपतो. तो ‘स्वच्छ’ वाटतो आणि ट्यूबलाइटची सवय डोळ्यांत मुरलेली असते. पण जेवणाच्या टेबलावर तो नको. त्या उजेडात वरण फिकं आणि पोळी पांढुरकी दिसते, माणसांचे चेहरे आजारी दिसतात. फिलिप्स कंपनीतले संशोधक आरी क्राउटहॉफ यांनी १९४१ मध्ये मांडलं होतं की मंद उजेड निळसर असला तर माणसाला तो उदास वाटतो. त्यांच्या आलेखाच्या तपशिलांवर नंतरच्या प्रयोगांनी शंका घेतल्या, पण मंद दिवा पिवळसरच बरा वाटतो हा अनुभव कोणत्याही घरात ताडून पाहता येतो. ओट्यावर ४००० आणि टेबलावर ३००० ही जोडी बहुतेक घरांना मानवते. स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा एकाच खोलीत, एकाच नजरेत येत असेल तर दोन रंग शेजारी खटकतात. तिथे सगळीकडे ३००० किंवा ३५०० घ्यावा आणि ओट्यावर ल्युमेन वाढवावेत.

केल्विनपेक्षाही महत्त्वाचा आणि जवळपास कुणी विचारतच नाही असा आकडा म्हणजे सीआरआय. दिव्याखाली वस्तूंचे रंग किती खरे दिसतात, याचं हे १०० पैकी माप आहे. बाजारातले बरेचसे दिवे ८० चे असतात. पण या सरासरीत एक पळवाट आहे. ती आठ फिकट रंगांवर काढतात. गडद लाल रंग नवव्या क्रमांकावर आहे आणि तो सरासरीत मोजलाच जात नाही. ८० सीआरआयच्या दिव्यात हा नववा आकडा शून्याच्या जवळपासही असू शकतो. टोमॅटो, लाल मिरची, बीट, गाजर, मटण, तांबडा रस्सा, कोकमाचं आगळ: मराठी स्वयंपाकघरात लाल रंग किती आहे ते आठवलं, की या एका आकड्याचं वजन कळतं. मांस ताजं आहे का, तिखट करपलं का, हे आपण रंगावरूनच ओळखतो. ओटा आणि टेबल या दोन ठिकाणी ९० किंवा त्याहून जास्त सीआरआयचा आणि शक्यतो नववा आकडा ५० च्या वर असलेला दिवा घ्यावा. किंमत थोडी वाढते आणि तेवढ्याच विजेत उजेड जरासा कमी मिळतो. तरी घरातल्या बाकीच्या खोल्यांत हात आखडून इथे हा खर्च करावा.

टेबलाकडे वळण्याआधी पंख्याकडे पाहायला हवं. आपल्याकडे जेवणाच्या टेबलावर छताचा पंखा असतोच आणि फॉल्स सीलिंगचे दिवे त्याच्या पात्यांच्या वर जातात. पातं दिव्याखालून गेलं की ताटावर सावली झपाझपा पळते, जेवणारा माणूस बेचैन होतो आणि कारण त्याच्या लक्षात येत नाही. १२०० मिलिमीटरच्या पंख्याची पाती मध्यापासून दोन फुटांवर संपतात. पाती छतापासून फूटभर खाली असतील आणि दिव्याचा झोत ६० अंशांचा असेल, तर दिवा पंख्याच्या मध्यापासून पावणेतीन फुटांच्या आत असता कामा नये. तीन फूट धरावे म्हणजे पुन्हा मोजायला नको.

मग टेबल उजळायचं कसं? पंखा बाजूला सरकवता आला किंवा भिंतीवर नेता आला, तर टेबलाच्या वर अडीच-पावणेतीन फुटांवर लोंबता दिवा हा सर्वात चांगला उपाय आहे. ते शक्य नसेल तर मध्यापासून तीन फुटांवर २४ अंशांच्या अरुंद झोताचे, मान वळवता येणारे दिवे बसवून ते टेबलाकडे तिरके करावेत. साडेआठ फुटांच्या छतावरून सुमारे २६ अंश तिरका केलेला असा झोत पात्यांना न शिवता टेबलाच्या मध्यावर पोचतो.

हा दिवा फिटिंगमध्ये खोल बसलेला असावा. दुकानात ‘डीप सीओबी’ म्हणून मागितला की मिळतो. सपाट पॅनेल लाइट स्वस्त आणि पातळ असतो, अगदी कमी जागेत मावतो, पण तो खोलीच्या प्रत्येक कोपऱ्यातून डोळ्यांत शिरतो. खोल दिव्याचा उगम आडोशाला राहतो आणि त्याखालचं ताट तेवढं उजळतं. अमेरिकेतले प्रकाशरचनाकार रिचर्ड केली यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात प्रकाशाचे तीन प्रकार सांगितले होते: सगळीकडे पसरलेला सौम्य उजेड, लक्ष वेधणारा नेमका झोत आणि डोळ्यांना सुखावणारी चमक. फिलिप जॉन्सन या वास्तुविशारदाच्या काचेच्या घराची आणि न्यूयॉर्कमधल्या सीग्रॅम इमारतीची प्रकाशयोजना त्यांचीच. जेवणाच्या जागेला हे तिन्ही लागतात, पण एका वेळी सगळे नाहीत. म्हणून बटणं वेगळी हवीत: ओटा एक, खोली एक, टेबल एक. दहा दिवे एकाच बटणावर असलेलं स्वयंपाकघर रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाचे डोळे दिपवतं. मंद करता येणारा दिवा हवा असेल तर त्याचा ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारा जोडभाग, तसा आहे का हे आधी विचारावं. साध्या ड्रायव्हरला डिमर लावला की दिवा थरथरतो आणि लवकर जातो.

थरथर डिमरशिवायही असते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हलक्या ड्रायव्हरचा दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही, पण काहींचं डोकं त्याने दुखतं. दुकानातच मोबाइलवर स्लो मोशनमध्ये दिव्याचं चित्रण करावं. पट्टे पळताना किंवा उजेड धडधडताना दिसला तर तो दिवा परत ठेवावा.

छतात लपलेल्या दिव्याचा खरा शत्रू उष्णता. एलईडी गार असतो असं म्हणतात ते पूर्ण खरं नाही. त्यातल्या निम्म्याहून अधिक विजेची उष्णता होते, फक्त ती समोरून न पडता पाठीमागे, फॉल्स सीलिंगच्या बंद पोकळीत साठते. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे वरच्या मजल्यावर मे महिन्यात गच्चीचा स्लॅब तापतो तेव्हा ती पोकळी भट्टीसारखी होते. एलईडीची चिप त्यातही बराच काळ टिकते, आधी जातो तो ड्रायव्हर. त्यातल्या कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश सेल्सिअस तापमानवाढीला साधारण निम्मं होतं. खोक्यावरचे २५,००० तास म्हणजे बहुधा उजेड ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा चिपचा काळ. ड्रायव्हरचं वचन त्यात असेलच असं नाही. म्हणून मागे ॲल्युमिनियमचा भरीव हीट सिंक असलेला, हाताला जड लागणारा दिवा घ्यावा. दिवा आणि ड्रायव्हर जोडवायरने वेगळे होणारे असावेत, म्हणजे फक्त ड्रायव्हर बदलता येतो. कोकणपट्टीत खाऱ्या हवेने जोडाची टोकं गंजतात, तिथे तर हे जास्तच गरजेचं. छतातल्या दिव्यांसाठी भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. दिव्यावर आयएस १०३२२ आणि ‘आर’ने सुरू होणारा आठ अंकी क्रमांक छापलेला असतो. तो बीआयएस केअर ॲपवर टाकून खरा की खोटा ते लगेच पाहता येतं.

शेगडीच्या जवळचा दिवा पुढून बंद, काचेचा हवा. उघड्या सीओबीच्या चकचकीत वाटीत फोडणीचा धूर बसतो आणि तो पुसताना वाटीवरचा मुलामाच निघतो. चिमणीला स्वतःचे दिवे असतात, त्यामुळे शेगडीच्या थेट वर छतात वेगळा दिवा घ्यायची गरज सहसा पडत नाही.

उंचीचं भान शेवटपर्यंत ठेवावं लागतं. संहितेप्रमाणे खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे सुमारे नऊ फूट. खोल सीओबी, त्यामागचा ड्रायव्हर आणि वायरींना मिळून चार-पाच इंच लागतात. छत साडेआठ फुटांवर येतं आणि छोट्या खोलीत ते जाणवतं. काँक्रीटचा स्लॅब कोरून दिवा बसवणं तर करूच नये, आत सळया आहेत. भाड्याचं घर असेल, बीम खाली आलेले असतील, तर छताला बाहेरून बसणारे नळीसारखे सरफेस दिवे तोच झोत देतात. फॉल्स सीलिंग फक्त ओट्याच्या वरच्या दोन-अडीच फुटी पट्ट्यात करून बाकी छत मोकळं ठेवणं हाही शहाणपणाचा मार्ग आहे.

जिप्सम बोर्डाला भोक पाडण्याआधी एक संध्याकाळ खर्च करावी. वायरमनकडून लांब वायरवर एक-दोन दिवे तात्पुरते जोडून घ्यावेत, शिडीवर कुणाला तरी ते ठरलेल्या जागी धरायला सांगावं आणि जो रोज स्वयंपाक करतो त्याने किंवा जी करते तिने ओट्यापाशी विळी-सुरी घेऊन उभं राहावं. चार इंच पुढे, चार इंच मागे. सावली कुठे जाते ते तिथेच कळतं आणि पेन्सिलीने खूण करता येते. भोकाचा व्यास बाजारात सर्रास मिळणाऱ्या मापाचा ठेवावा, नाहीतर सात वर्षांनी तो दिवा मिळत नाही आणि नव्या दिव्यासाठी छत पुन्हा फोडावं लागतं. सगळे दिवे एकाच वेळी, एकाच लॉटमधले घ्यावेत, कारण ३००० केल्विन लिहिलेले दोन लॉट शेजारी लावले तर एक गुलाबीसर आणि एक हिरवट दिसू शकतो. रंगातला इतका बारीक फरक डोळ्याला कळतो हे डेव्हिड मॅकॲडम यांनी १९४२ मध्येच मोजून दाखवलं होतं. दोन दिवे आणि एक ड्रायव्हर जादा घेऊन, बिलासकट, माळ्यावर नाव लिहिलेल्या डब्यात ठेवावेत.